गावचं वाचनालय पुन्हा उघडायचं असेल तर

बऱ्याच गावांत वाचनालय आहे, पण ते चालत नाही. ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली, दाराला कुलूप, आत चार-सहा लोखंडी कपाटं, टेबलावर महिन्यापूर्वीचे पेपर. पाटी मात्र स्पष्ट असते : सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य, वर्ग ड (अ ते ड या वर्गांतला सर्वांत खालचा). किल्ली कोणाकडे आहे असं विचारलं की दोन-तीन घरं फिरावी लागतात. राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या ११-१२ हजारांच्या आसपास आहे आणि त्यांत मोठा वाटा अशाच लहान गावांतल्या वाचनालयांचा आहे. म्हणजे खोली आहे, कपाटं आहेत, थोडीफार पुस्तकं आहेत, नोंदणी आहे. शून्यातून सुरुवात करायची नाही, ही मोठी जमेची बाजू.

अशी खोली पुन्हा चालती करायची उमेद असलेल्या चार-पाच जणांसाठी हे लिहितो आहे. नवं वाचनालय काढणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाचनालय बंद पडतं त्याचं कारण बहुतेक वेळा पुस्तकांची टंचाई नसते. ते कधी उघडं असेल याचा भरवसा उरत नाही, म्हणून माणसं येईनाशी होतात. दोनदा हेलपाटा पडला की तिसऱ्यांदा कोणी येत नाही. त्यामुळे पुस्तकं, फर्निचर, संगणक यांच्या आधी वेळ ठरवायची आणि ती पाळायची.

आधी कागद बघा

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारची नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये ग्रंथालय उभं राहिलं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. ही नागरिकांनी काढलेली. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तो १९६७ साली, आणि त्यानेही ही रचना बदलली नाही : संस्था लोकांची, मान्यता आणि अनुदान शासनाचं. तुमच्या गावचं वाचनालयही एका नोंदणीकृत संस्थेचं असणार. ती संस्था जिवंत आहे का, हा पहिला प्रश्न.

जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन नोंदणी क्रमांकावरून संस्थेचा परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. पुष्कळदा त्यांतले काही वारलेले, काही गाव सोडून गेलेले, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकही बदल अर्ज दाखल झालेला नसतो. नवी कार्यकारिणी सर्वसाधारण सभेत रीतसर निवडून, सभेची सूचना, हजेरी, ठराव असं सगळं जोडून बदल अर्ज द्यावा लागतो. हे काम रटाळ आहे आणि त्याला महिने लागतात. तरी ते पहिल्याच आठवड्यात सुरू करा. कार्यकारिणीचा कागद साफ नसेल तर बँकेतल्या सह्या बदलत नाहीत, लेखापरीक्षण अडतं, अनुदानही अडतं. जुन्या पदाधिकाऱ्यांच्या घरी मुद्दाम जाऊन या. त्यांनी एके काळी दारोदार वर्गणी गोळा करून हे उभं केलेलं असतं. त्यांना बाजूला सारल्यासारखं वाटलं तर तुमच्या हाती किल्ली येईल, पण गाव येणार नाही.

संस्थाच नसेल तर किमान ७ जण, घटना व नियमावली, आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, असा रस्ता आहे. शासनमान्यता मिळण्याचा विषय वेगळा. नव्या मान्यता आणि दर्जावाढ मध्यंतरी बरीच वर्षं थांबलेली होती, म्हणून अनुदान मिळेल असं गृहीत धरून सुरुवात करू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात प्रत्यक्ष भेटून सध्याचे निकष लिहून घ्या : किती ग्रंथ, किती सभासद, किती वर्तमानपत्रं, रोज किती तास. हे निकष वर्गानुसार बदलतात. ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये.

वेळ ठरवा, ती गावाच्या दिवसाप्रमाणे

दहा ते पाच ही कचेरीची वेळ. गावात त्या वेळी माणसं शेतावर असतात, मुलं शाळेत असतात. तेव्हा एक आठवडा नुसतं बघा. पेपर वाचायला म्हातारी माणसं किती वाजता बाहेर पडतात? दूध घालून झाल्यावर तरुण पोरं कुठे बसतात? बायकांना दुपारची मोकळी वेळ कोणती? बहुतेक ठिकाणी उत्तर निघतं ते सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी दीड-दोन तास असं. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शनिवारची दुपार मुलांची. आणि आठवडी बाजाराचा दिवस कधीही बंद ठेवू नका. वाड्यावस्त्यांवरची माणसं त्याच दिवशी गावात येतात, एका फेरीत बाजारहाट आणि पुस्तक बदलणं दोन्ही होतं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळऐवजी दुपारभर उघडं ठेवलं तर वस्तीवरचे सभासद आपोआप वाढतात.

सुरुवातीला दिवसाला दोनच तास जमत असतील तर दोनच ठेवा. पण ते दोन तास लग्नसराईतही असतात आणि जत्रेच्या दिवशीही असतात. दारावर वेळेची पाटी लावा, खाली ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्या घराची खूण लिहा, आणि दुसरी किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे ठेवा. किमान तीन जण आलटून पालटून उघडणारे हवेत. एकाच उत्साही माणसावर उभं असलेलं वाचनालय त्याची बदली झाली की किंवा त्याच्या घरात आजारपण आलं की बसतं.

कपाटं रिकामी करा

आता खोलीत शिरा. हे काम पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करावं. हवा कोरडी असते आणि सफाईचा मुहूर्तही घरोघरी तोच असतो.

सगळी पुस्तकं बाहेर काढा. सगळी. निम्मं कपाट तसंच ठेवून केलेली सफाई फुकट जाते, कारण कसर आणि वाळवी नेमकी मागच्या रांगेत असते. पुस्तकं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उघडून ठेवा. थेट उन्हात कागद पिवळा आणि कडक होतो. कोरड्या सुती फडक्याने आधी वरची कड, मग पुठ्ठा, मग शिवण, अशी धूळ काढा. ओलं फडकं अजिबात नको. बुरशी धरलेली पुस्तकं वेगळी करा, ती हाताळताना तोंडावर मास्क लावा. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, भिंतीला चिकटलेल्या कपाटातच ओल आणि वाळवी शिरते. खालचा कप्पा जमिनीपासून निदान अर्धा फूट वर हवा. कोकणात तर खालचा कप्पा पावसाळ्यापुरता रिकामाच ठेवलेला बरा. डांबरगोळ्या बंद कपाटात चालतील, पण मुलं जिथे बसतात तिथे नकोत, तो वास श्वासात जाणं चांगलं नाही.

मग वर्गवारी. जमिनीवर चार ढीग करा. पहिला, लगेच वाचायला देता येतील अशी पुस्तकं. दुसरा, बाइंडिंगला पाठवायची. तिसरा, रद्द करायची. आणि चौथा, ज्यांच्याबद्दल जाणकाराला विचारायचं अशी.

तिसऱ्या ढिगाबद्दल मन घट्ट करावं लागतं. वीस वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षेची गाइडं, रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, जुने शासकीय अहवाल, एकाच पुस्तकाच्या न उघडलेल्या सात प्रती. ही कपाटात राहिली की चांगली पुस्तकं दिसेनाशी होतात. वाचक चार पुस्तकं चाळतो, चारही निरुपयोगी निघतात, आणि तो ठरवून टाकतो की इथे काही नाही. माझं मत विचाराल तर पडून असलेल्या वाचनालयात चांगली पुस्तकं असतातच, फक्त ती असल्या गर्दीखाली दबलेली असतात. पण रद्द करणं म्हणजे रद्दीवाल्याला बोलावणं असंही नाही. प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयात आलं तेव्हा वहीत नोंदलेला त्याचा क्रमांक) लिहून यादी करा, ती कार्यकारिणीपुढे ठेवा, ठराव करा, दाखलनोंदवहीत त्या क्रमांकासमोर लाल शाईने ठरावाची तारीख लिहा. अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांसाठी जिल्हा कार्यालयाची पद्धत आधी विचारून घ्या.

चौथ्या ढिगाची घाई करू नका. पिवळी पडलेली, पुठ्ठा निघालेली जुनी पुस्तकं, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, गावच्या शाळेच्या स्मरणिका, स्थानिक कवींच्या स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका. यांतलं एखादं पुस्तक दुसरीकडे कुठेच उरलेलं नसण्याची शक्यता असते. मोठ्या ग्रंथसंग्रहालयांना किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाला यादी पाठवा. लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटून गेली असतील तर आपल्या कायद्यानुसार त्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपलेला असतो, म्हणजे ते स्कॅन करून सगळ्यांना खुलं करता येतं.

फाटकी पानं चिकटपट्टीने जोडू नका. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळी पडते, कागद खाते आणि काढता येत नाही. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ हेच खरं. जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, तेव्हा ते काम बाइंडरवरच सोपवा.

एक पुस्तक दाखल कसं करायचं

नोंदी नीट नसतील तर वाचनालय दोन वर्षांत पुन्हा विस्कटतं. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

दाखलनोंदवही ही वाचनालयाची मूळ वही. जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक छापलेली घ्या. एका ओळीत एक पुस्तक : तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत, कुठून आलं (खरेदी असेल तर बिल क्रमांक, भेट असेल तर देणाऱ्याचं नाव), आणि शेवटी शेरा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर दोन ओळी, दोन क्रमांक. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही.

मग शिक्का. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, शेवटच्या पानावर, आणि एका ठरलेल्या आतल्या पानावर. जुनी ग्रंथालयं हे गुप्त पान ठरवून घेतात, समजा ३१ वं, आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक घालतात. पहिली-शेवटची पानं फाटली तरी पुस्तक कुठलं ते कळतं. शिक्का मजकुरावर उमटवू नये, चित्रावर तर नाहीच.

शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत तारीख चिठ्ठी डकवा. आजकाल काही जण संगणकावर नोंद होते म्हणून चिठ्ठी लावत नाहीत. मला ती हवीच वाटते. परत करायची तारीख वाचकाच्या डोळ्यांसमोर राहते, आणि पुस्तक किती फिरलं हे हातात घेताच समजतं. दोन वर्षांत एकही शिक्का न पडलेलं पुस्तक कपाटात दर्शनी जागी हलवून बघा, मुखपृष्ठ समोर करून. पुष्कळदा तेवढ्याने ते जातं.

पाठीवर वर्गाचं लेबल. मोठी ग्रंथालयं प्रत्येक विषयाला क्रमांक देणारी ड्यूई दशांश पद्धत वापरतात, तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. दोन-तीन हजार पुस्तकांच्या, बहुतांश मराठीच पुस्तकं असलेल्या वाचनालयात याने निम्मं कपाट एकाच क्रमांकाखाली येतं. तिथे कादंबरी, कथा, कविता, नाटक, चरित्र-आत्मचरित्र, इतिहास, शेती, आरोग्य, बालसाहित्य असे सरळ वर्ग करा, प्रत्येकाला एक अक्षर आणि एक रंग द्या. प्रत्येक वर्गात लेखकाच्या आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावा. वाचकाला स्वतः जाऊन शोधता आलं पाहिजे आणि नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी पुस्तक जागेवर ठेवता आलं पाहिजे. एवढं साधलं की वर्गीकरण पुरेसं झालं.

आणि कपाटांची कुलपं काढा. काचेआडची पुस्तकं नुसती बघितली जातात. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यांतलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी आहेत असं सांगतं. चार पुस्तकं हरवतील, हे धरून चाला. हरवण्याच्या भीतीने चार हजार पुस्तकं कुलपात ठेवणं हा त्याहून मोठा तोटा आहे.

संगणक हवा का? यादीसाठी हवा, पण त्याच्यासाठी थांबू नका. साध्या तक्त्यात यादी करून मोबाइलवरून गावच्या समूहात टाकता येते. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावली किंवा मुक्त स्रोतातली ‘कोहा’ वापरता येईल. फक्त एक काळजी घ्या, नोंदी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा. जुन्या मराठी फाँटमध्ये भरलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि तिच्यात काही शोधता येत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत अशी वाया गेलेली वाचनालयं आहेत.

सभासद कोण होत नाही, ते बघा

वर्गणी महिना २०-३० रुपये आणि अनामत १००-२०० रुपये असली तर बहुतेकांना झेपते. विद्यार्थ्यांना अनामत माफ करा, शाळेच्या मुख्याध्यापकांची सही पुरे. खोलीत बसून वाचायला कोणालाही वर्गणी लागू नये, आणि तसं पाटीवर लिहा.

पण सभासद नोंदवहीकडे एकदा निराळ्या नजरेने बघा. बायका किती आहेत? कोणत्या आळीतली नावं आहेत आणि कोणत्या वस्तीतलं एकही नाही? वाचनालयाची खोली देवळाच्या आवारात असेल, पारावर कायम पुरुष बसलेले असतील, तर काही घरांतून कोणी येणार नाही. नियम सर्वांना सारखे आहेत असं सांगून हे सुटत नाही. पुस्तकंच तिकडे न्यावी लागतात.

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, आणि पुढे लाकडी पेट्यांत भरलेली पुस्तकं गावोगाव फिरू लागली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना त्याच वाटेने गेली आणि तिच्या पेट्या परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंतही पोहोचल्या. गावात याचं रूप अगदी साधं असू शकतं. एक पत्र्याची पेटी, तीत २५ पुस्तकं, आणि पेटी सांभाळणारी त्याच वस्तीतली एक बाई. बचत गटाची महिन्याची बैठक ही पेटी उघडण्याची उत्तम जागा. तिथे नोंदवही असते, हिशेबाची सवय असते आणि सगळ्या जमलेल्या असतात. महिन्याने पेटी पुढच्या गटाकडे जाते. पेटीत काय घालायचं ते आधी त्यांनाच विचारा. पाककृती आणि व्रतवैकल्यं यांवर गाडी थांबवू नका. आत्मचरित्रं, रहस्यकथा, आरोग्याची, कायद्याची सोपी पुस्तकं मागितली जातात. ज्यांचं वाचन सुटलंय त्यांच्यासाठी मोठ्या टाइपातली, पातळ पुस्तकं ठेवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वर्षाचं सभासदत्व द्यायची कल्पना सुचवून बघा. स्टीलच्या वाटीएवढ्या खर्चात होतं.

मुलांच्या बाबतीत एकच सांगणं. त्यांना मोठ्यांच्या कपाटाकडे जायला मज्जाव करू नका, आणि कुठलं पुस्तक ‘चांगलं’ हे सतत सांगू नका. सतरंजी अंथरा, बुटकं कपाट ठेवा, शनिवारी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा. अर्धा तास पुरतो. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळेला इकडे बोलवा आणि त्या दिवशी प्रत्येक मुलाला पुस्तक घरी न्यायला द्या. फोटोपुरतं हातात द्यायचं आणि परत घ्यायचं, असं करू नका. मुलाच्या मनाला ते लागतं.

पेपरचं टेबल

पुस्तकांवर एवढं लिहिलं, पण गावच्या वाचनालयात सर्वांत जास्त माणसं येतात ती पेपरसाठी. याला कमी लेखू नये. एक माणूस मोठ्याने बातमी वाचतो, दोघे त्यावर बोलतात, तिसऱ्याला पीकविम्याची तारीख कळते. जिल्ह्याची पुरवणी असलेला एक पेपर, राज्याचे दोन, एखादं शेतीचं, एखादं इंग्रजी, आणि नोकरीच्या जाहिरातींचं साप्ताहिक एवढं हवं. टेबलाशेजारी एक फळा लावा : शिष्यवृत्तीच्या, पीकविम्याच्या, परीक्षा अर्जांच्या शेवटच्या तारखा, ग्रामसभेची सूचना, तालुक्याला येणाऱ्या आरोग्य शिबिराची माहिती. रोज कोणीतरी तो पुसून नव्याने लिहायचा. आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज भरून द्यायला राखून ठेवा, एखादा निवृत्त शिक्षक किंवा तलाठी हे आनंदाने करतो. पुस्तकाशी ज्यांचा संबंध तुटला आहे अशी माणसं या निमित्ताने आत येतात, आणि आत आलेल्या माणसाला पुस्तक देता येतं.

राजकीय पक्षांची पत्रकं टेबलावर येऊ देऊ नका, कोणत्याच पक्षाची. एकाचं ठेवलं की निम्मं गाव उठून जातं.

अभ्यासिकेचा प्रश्न याहून अवघड. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं दिवसभर बसायला जागा मागतात, आणि ती द्यायलाच हवी, कारण घरात त्यांना जागा नसते, उजेड नसतो, शांतता नसते. पण तालुक्याच्या ठिकाणी कित्येक वाचनालयं हळूहळू पूर्णपणे अभ्यासिका होऊन गेली. सगळ्या खुर्च्या आपापल्या गाइडांसह बसलेल्यांनी भरलेल्या, लहान मूल जरा मोठ्याने हसलं की सगळ्यांच्या नजरा वळतात, आणि मग मुलं आणि म्हातारी येणं सोडतात. तेव्हा जागा वेगळी करा. खोली एकच असेल तर वेळ वेगळी करा : पहाटे आणि रात्री अभ्यासिका, मधल्या वेळी वाचनालय. शाळेचा वर्ग रात्री वापरायला मिळतो का, हेही विचारा. अभ्यासिकेतल्या मुलांकडून शुल्काऐवजी आठवड्याला दोन तास देवघेवीच्या टेबलावर बसण्याचं काम घेता येतं. किल्ली सांभाळणाऱ्यांचा प्रश्नही त्यातून सुटतो.

पुस्तकं कुठून, पैसा कुठून

देणगीदाखल पुस्तकं येऊ लागली की आवरणं कठीण जातं. म्हणून सुरुवातीलाच ठरवा आणि सांगून ठेवा : भेट आलेलं प्रत्येक पुस्तक वाचनालय ठेवेलच असं नाही. शक्य असेल तर हव्या असलेल्या पुस्तकांचीच यादी लावा. गणपतीला, जत्रेला मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्यांना ती यादी आठ दिवस आधी मोबाइलवर पाठवा. येताना एक पुस्तक आणा, ही मागणी पैशांच्या मागणीपेक्षा लवकर पुरी होते.

खरेदीसाठी टेबलावर मागणी वही ठेवा. वाचकाने नाव लिहिलेलं पुस्तक आलं की त्यालाच आधी द्या. पुस्तकं कोण निवडणार यासाठी तिघांची समिती पुरे, पण तीत एक बाई आणि एक पंचविशीच्या आतला तरुण हवाच. बिलावर भरघोस सूट मिळते म्हणून गठ्ठ्याने घेतलेली पुस्तकं टाळा. मघाशी तिसऱ्या ढिगात गेलेली बरीचशी पुस्तकं तशीच आलेली असतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्याही मदतीच्या योजना आहेत, त्या राज्यामार्फत येतात, त्यांची चौकशी जिल्हा कार्यालयात होते.

दिवाळी अंक ही तर मराठी वाचनालयांची हक्काची कमाई. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि आज एका घराला दहा अंक विकत घेणं परवडत नाही. वाचनालयाने ३०-४० अंक घ्यायचे आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्यांची स्वतंत्र योजना चालवायची : ठरावीक रक्कम, चार महिन्यांत हवे तेवढे अंक, एका वेळी एक, चार दिवसांत परत. अंकांना जाड कागदाचं वेष्टन पहिल्याच दिवशी घाला, नाहीतर होळीपर्यंत मुखपृष्ठ राहत नाही. योजनेचे पैसे दसऱ्याच्या आधी गोळा केले तर अंकांचं बिल त्यातूनच भागतं. योजनेपुरते आलेल्या वाचकांना शेवटचा अंक परत करताना एक पुस्तक हातात द्या. वर्षभराचे सभासद याच टेबलावर मिळतात.

अनुदान मिळत असेल तर ते हप्त्यांनी आणि उशिरा येतं हे धरूनच अंदाजपत्रक करा. ड वर्गाच्या अनुदानातून वर्षभराचा सन्मानजनक पगार निघत नाही, ही वस्तुस्थिती आहे. राज्यभरच्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांची ती फार जुनी आणि न्याय्य तक्रार आहे. म्हणून वीजबिल आणि खोली ग्रामपंचायतीने ठरावाने उचलावी, पेपरांची बिलं गावातल्या पाच-सहा दुकानदारांनी वाटून घ्यावीत, आणि वर्गणी, दिवाळी अंक व देणग्या मिळून जे उरेल ते आधी देवघेवीवर बसणाऱ्याच्या मानधनाला जावं. नवं कपाट त्यानंतर. प्रत्येक रुपया बँकेतून जाऊ द्या, पावती पुस्तक क्रमवार ठेवा, आणि दर महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहा. फळ्यावर हिशेब दिसला की देणगी मागताना फार बोलावं लागत नाही.

देवघेवीवर बसणारा माणूस टिकला की त्याला किंवा तिला ग्रंथालय प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्र वर्गाला पाठवा. जिल्हा ग्रंथालय संघ हे वर्ग चालवतात, शुल्क संस्थेने भरावं. गावातली दहावी-बारावी झालेली, सासर-माहेर दोन्ही याच गावात असलेली एखादी मुलगी या कामाला फार चांगली ठरते. तिला घराजवळ काम मिळतं आणि वाचनालयात बायकांचं येणं वाढतं. तिला खुर्चीमागे बसवून ठेवू नका. प्रत्येक सभासदाच्या कार्डामागे त्याला शेवटी काय आवडलं ते दोन शब्दांत टिपून ठेवायला सांगा, आणि तो माणूस पुढच्या बाजाराच्या दिवशी येईल तेव्हा त्याच्यासाठी एक पुस्तक बाजूला काढून ठेवायला सांगा.